पथ्याचा कागद

मी शास्त्र शाखेत जेमतेम दोन वर्षं शिकलो. डॉक्टरी विषयावर लिहायचा मला अधिकार नाही, तेव्हा चुकलं तर माफ करावं. पण घरात वाचता येणारा मी एकटाच होतो, आणि चूक त्यातूनच झाली.

वडील ढोकीला साखर कारखान्यात कामाला होते. मूत्रपिंडं निकामी होऊ लागली तेव्हा पथ्याचा कागद मिळाला : डाळ, अंडी, मटण कमीत कमी. तो मी दाराला चिकटवला. पुढं सोलापूरला आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं, तरी कागद तसाच राहिला. त्यात दुष्काळाचं साल. आई कधी वाटीभर वरण वाढायची, तर मी ते उचलून ठेवायचो. वडीलच तिला म्हणायचे, शिकलेलं पोरगं हाय, त्याचं ऐक.

एकदा तिथल्या डॉक्टरांनी वडिलांच्या हाताच्या कातडीत बारीक सुईनं औषधाचा थेंब टोचला, भोवती पेनानं वर्तुळ काढलं आणि दोन दिवसांनी दाखवायला सांगितलं. वर्तुळ पुसू नये म्हणून वडिलांनी तिथं पाणी लागू दिलं नाही. काहीच उठलं नाही. आम्हाला बरं वाटलं. शेजारचे चाचा म्हणाले, "सुई आत गेली का न्हाय, ते तरी बगा."

डॉक्टरांनी मात्र वर्तुळावरून दोनदा बोट फिरवून बघितलं. तिथं गाठ यायला हवी होती. अंगात ताकद असली की शरीर टोचलेल्या औषधाशी झगडतं, तेव्हा ती येते. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही रक्तात कमी निघाल्या होत्या. हे जेवतात काय, असं त्यांनी विचारलं. मी पथ्य घडाघडा सांगितलं.

"अहो, ते डायलिसिसच्या आधीचं. आता प्रथिनं वाहून जातात, अंडी-डाळ खायलाच हवी. तुम्ही विचारलं का नाही?"

परतताना एसटीत वडील एवढंच म्हणाले, "तुज्या पुस्तकात नसंल ते."

आई अंडी उकडू लागली. पण वडिलांच्या तोंडाची चवच गेली होती. अर्धं खाऊन बाजूला सारायचे. महिन्याभरानं पुन्हा टोचून बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. मध्येच ताप आणि खोकला सुरू झाला. परीक्षा बुडवू नको म्हणून वडिलांनीच मला उस्मानाबादला धाडलं.

तिसरा पेपर देऊन बाहेर आलो, तर आमच्या गावचा कंडक्टर फाटकाशी उभा होता.

"ताप उतरलाच न्हाय रं. पहाटं गेले. चल, गाडी थांबवलीय."