चार बोटं उंच केलेली जीप

भिलाईच्या स्टील प्लांटच्या स्टोअर्समध्ये मी क्लार्क होतो तेव्हाची ही गोष्ट आहे. नव्वदनंतर तीन-चार वर्षं झाली असतील. आम्ही सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी, बायको, दोन वर्षांची मुलगी आणि बाबा. बाबा रोलिंग मिलमधून फिटर म्हणून रिटायर झाले होते. आई गेल्यापासून ते कमी बोलायचे, पण घरात कुठला नळ गळायला लागला की त्यांच्या तोंडावर जरा तेज यायचं.

त्या वर्षी मी एक जुनी जीप घेतली. लांब बॉडीची, वर पत्र्याचं छप्पर असलेली, डिझेलवर चालणारी. कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावातून ती दुर्गच्या एका माणसाकडे आली होती आणि त्याच्याकडून माझ्याकडे. आमच्या रांगेत बाकी सगळ्यांकडे स्कूटर होत्या. खरं तर मलाही स्कूटरच पुरेशी होती. पण आमच्या साहेबांकडे फोर-व्हील ड्राइव्हची जीप होती, आणि दर दोन-तीन रविवारी ते ऑफिसातल्या काही जणांना घेऊन नदीकडे नाहीतर जंगलाकडे जायचे. सोमवारी डबा खाताना त्याच गप्पा चालायच्या. कोणत्या नाल्यात चाक रुतलं, साहेबांनी फोर-व्हीलचा दुसरा लीवर टाकून गाडी कशी बाहेर काढली. त्या गप्पांत मी नुसता ऐकणारा होतो. ते मला फार लागायचं, हे आज लिहिताना विचित्र वाटतं.

माझी जीप टू-व्हील ड्राइव्ह होती. जोर फक्त मागच्या चाकांना. शिवाय जुन्या कमानी, म्हणजे खालच्या पाट्यांच्या स्प्रिंगा, बसल्यामुळे ती खाली दबलेली दिसायची, पोट टेकलेल्या म्हशीसारखी. साहेबांची जीप मात्र उंच, ताठ. फोर-व्हील करायची म्हणजे जवळजवळ नवी गाडी घेण्याइतका खर्च. उंच करणं त्या मानानं स्वस्तात होण्यासारखं होतं, एवढं मी ऐकून होतो.

बाबांनीच मला मिस्त्रीकडे नेलं. नेहरू नगरच्या पुढे हायवेला लागून त्याचं टिनाच्या शेडचं गॅरेज होतं. तो साकोलीकडचा, आमच्याच मूळ गावाच्या भागातला. तरुणपणी ठेकेदाराकडून प्लांटमध्ये आला होता आणि दोन वर्षं बाबांच्या हाताखाली राहिला होता. बाबांना तो अजून उस्ताद म्हणायचा. आम्ही पोचलो तसा त्यानं हात पुसले, बाबांसाठी खुर्ची आणली, स्वतः मात्र उभाच राहिला.

बाबांना उंच करण्याची कल्पना पटलेली नव्हती. कंपनीनं विचार करूनच उंची ठरवली असणार, असं ते म्हणाले. पण मी हट्टच धरला होता, आणि मिस्त्रीनं समजावलं की नीट केलं तर काही बिघडत नाही. पुढच्या कमानींत एकेक जास्तीचा पाटा घालायचा, मागे कमानी आणि एक्सलच्या मधे लोखंडी ठोकळे, म्हणजे गुटके, बसवायचे, त्यांना पुरतील असे लांब यू-बोल्ट टाकायचे. गाडी चार बोटं वर येईल. बाबांनी गुटके हातात घेऊन पाहिले, कोपरे बोटानं चाचपले आणि बरे आहेत म्हणाले.

काम तीन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो होतो तेव्हा मिस्त्रीनं मला गाडीखाली वाकायला लावलं. चॅसिसपासून मागच्या एक्सलकडे जाणारा ब्रेकचा रबरी पाइप त्यानं बोटानं दाखवला. गाडी वर गेली, एक्सल तिथंच राहिला, त्यामुळे पाइप ताणला गेला होता.

"हा लांबवाला पायजे भाऊ," तो म्हणाला. "रायपूरले सांगितला हाय. आठ दिवस लागतीन. तोवर गाडी इथंच राहू द्या."

रविवार चार दिवसांवर होता. साहेबांची जीपही याच मिस्त्रीकडे दुरुस्तीला होती, आणि या वेळी माझी गाडी घेऊन जायचं असं ऑफिसात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मीच सुचवलं होतं. गाडी उंच करतोय म्हटल्यावर कोणीतरी विचारलं होतं, फोर-व्हील करून घेतोस का. मी हसलो होतो. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळे तिला फोर-व्हीलच म्हणू लागले आणि मी ते चालू दिलं.

मी मिस्त्रीला म्हणालो, सध्या जुनाच पाइप राहू दे, आठ दिवसांनी बदलून घेऊ. त्यानं मान हलवली.

"सडकेवर चालते. पण खड्ड्यात चाक लटकलं ना, तर पाइप तुटन. मंग ब्रेकच नाही राहणार. मी सांगून राहिलो भाऊ."

मी बरं म्हणालो. गाडी नेतानाही त्यानं पुन्हा तेच सांगितलं आणि मी पुन्हा बरं म्हणालो. घरी बाबांना यातलं काहीच सांगितलं नाही.

रविवारी सकाळी जीप क्वार्टरसमोर उभी केली तेव्हा आजूबाजूची माणसं पाहत होती. बाबांनाही घेऊन ये, असं साहेब म्हणाले होते, आणि बाबा कधी नव्हे ते हो म्हणाले होते. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पण मिलमधल्या उभ्या नोकरीनं त्यांचे गुडघे गेले होते, आणि मागची पायरी आता फार वर झाली होती. बायकोनं आतून स्टूल आणून ठेवलं. बाबा एका हातानं माझा खांदा धरून स्टुलावर चढले, मग पायरीवर, तिथं क्षणभर अडकले आणि मग कसेबसे आत गेले. तेवढ्या वेळात मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. कोण कोण पाहतंय ते पाहत होतो.

साहेब पुढे बसले, ऑफिसातले दोघं मागे बाबांच्या समोर. दुर्ग ओलांडून शिवनाथच्या काठाला पोचेपर्यंत सगळं छान चाललं. साहेब म्हणाले, गाडी चांगली उभी राहिली आहे. माझी छाती फुगली. पाणी पलीकडच्या अंगानं वाहत होतं, अलीकडे नुसती वाळू होती. पाण्याजवळ जाऊन बसू, असं साहेब म्हणाले. मी गाडी वाळूत घातली. पन्नास पावलं गेलो असू, मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी खाली बसली.

"फोर-व्हील डालो," साहेब म्हणाले.

मी गिअर बदलल्यासारखं केलं, पुन्हा रेस दिली. चाकं आणखी खोल गेली. साहेब माझ्या पायांकडे वाकले आणि त्यांनी पाहिलं. तिथं एकच लीवर होता.

"दूसरा लीवर कहाँ है?"

मागून एक जण हसला आणि मग खोकला. बाबांना हिंदी चांगली समजायची. आपला मुलगा चार लोकांसमोर खोटा ठरतोय हे त्यांना तेव्हाच कळलं असणार, पण ते बाहेर पाहत राहिले.

सगळे उतरले. बाबांना मी आतच बसून राहा म्हणालो, पुन्हा चढवण्याची कटकट नको म्हणून. काठावरच्या झुडपांच्या फांद्या तोडून चाकांखाली घातल्या, साहेबांनी स्वतः धक्का दिला. अर्ध्या तासानं गाडी निघाली. आता कुणालाच पाण्याजवळ बसायचं नव्हतं. बाकीचे पायीच काठ चढायला लागले. मी बैलगाडीच्या वाटेनं गाडी वर घेतली. डोक्यात राग होता, लाज होती, आणि मी गरजेपेक्षा जोरात नेत होतो. वाटेत पावसानं खोल घळ पडली होती. एक चाक घळीत गेलं, दुसरं वर लटकलं. खालून काहीतरी तुटल्याचा बारीक आवाज आला. गाडी तशीच वर सरकली, जवळजवळ माथ्यावर पोचली आणि बंद पडली.

मी ब्रेक दाबला. पाय थेट खाली गेला, जसा काही पाण्यात घातला. हँडब्रेक ओढेपर्यंत गाडी मागे घरंगळायला लागली होती. मागे चालणाऱ्यांनी बाजूला उड्या मारल्या. गाडी काठावरच्या एका जाड झाडावर जाऊन आदळली आणि थांबली. बाबांनी तोल सावरायला हात टेकला होता. त्यांचं मनगट मोडलं.

त्यांना खाली उतरवायला तिघं लागले. ते कण्हले नाहीत. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेली होती. त्यांनी वाकून खाली गळणारं ब्रेक ऑइल पाहिलं आणि मला विचारलं, हे कसं झालं.

मी म्हणालो, "मिस्त्रीनं पाइप बदललाच नाही."

वाक्य खोटं नव्हतं. मिस्त्रीनं पाइप बदलला नव्हता. त्या वाक्यात मी कुठेच नव्हतो, आणि म्हणूनच ते इतक्या पटकन माझ्या तोंडात आलं.

सोमवारी ऑफिसात माझ्या खोट्या फोर-व्हीलपेक्षा मिस्त्रीच्या हलगर्जीपणाची चर्चा जास्त होती. मला बरं वाटलं. साहेबांनी आपली जीप त्याच्याकडून उचलून दुसरीकडे नेली. त्यांच्या ओळखीतल्या आणखी दोन-तीन अधिकाऱ्यांनीही तेच केलं.

गुरुवारी बाबा म्हणाले, मले त्याच्याकडे ने. हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मी टाळायचा प्रयत्न केला, तर एकटाच जातो म्हणाले. गॅरेजवर तीन-चार गिऱ्हाइकं होती. माझी जीप मिस्त्रीनं आदल्या दिवशी ओढून आणली होती आणि आम्ही गेलो तेव्हा तो तिच्याच खाली झोपला होता. बाबांचा आवाज ऐकून बाहेर आला.

"दोन वर्षं मी तुले शिकवलं," बाबा म्हणाले. "ब्रेकचं काम अर्धं ठेवून गाडी देतात का? हे शिकवलं होतं मी?"

मिस्त्रीनं प्लॅस्टरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ते दोन-तीन सेकंदच असतील. मी बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी शेडच्या खांबाला टेकून उभा होतो आणि माझी नजर खाली होती.

"चुकलं, उस्ताद," तो म्हणाला.

लोकांसमोर बाबा आणखी बरंच बोलले. तो ऐकत राहिला. परत येताना बाबा रिक्षात म्हणाले, मला त्याच्याकडून अशी अपेक्षा नव्हती. मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुधा हूं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री जीप घरी सोडून गेला. चहालाही थांबला नाही. बाबा स्टूल घेऊन चाकाजवळ बसले आणि मान वाकडी करून बराच वेळ खाली पाहत राहिले. मग त्यांनी मला बोलावलं.

"पाइप नवा हाय. लांबवाला. हा भिलाईत भेटत नाही."

ते पुन्हा खाली वाकले.

"पाच दिवसांत रायपूरवरून आला. म्हंजे त्यानं आधीच सांगून ठेवला होता." त्यांनी यू-बोल्टकडे बोट केलं. "एकेका यू-बोल्टले दोन-दोन नट लावले त्यानं. असा माणूस पाइप इसरत नाही. त्यानं तुले थांब म्हणलं होतं का?"

"हो."

"मंग काल तू कावून नाही बोलला?"

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, स्टूल उचलून डाव्या हातानं आत नेलं आणि जेवायच्या वेळी जेवले.

सोमवारी मी ऑफिसात असताना ते टेम्पो पकडून एकटेच मिस्त्रीकडे गेले. हे मला बायकोनं सांगितलं. गुडघे दुखत असताना, मोडका हात गळ्यात बांधून, माझा बाप गिऱ्हाइकांसमोर त्याची माफी मागून आला होता. गिऱ्हाइकांसमोर बोललो तर माफीही त्यांच्यासमोरच मागायला पाहिजे, असं तिला सांगून गेले होते.

त्यानंतर मी गेलो. दुपारी, गॅरेजवर कोणी नसेल अशी वेळ पाहून. गुटके काढून टाक, पाटेही काढ, गाडी होती तशी कर, असं मी मिस्त्रीला म्हणालो. त्यानं का म्हणून विचारलं नाही. तो चाकं खोलत असताना मी म्हणालो, माझं चुकलं, तू सांगितलं होतंस. तो पान्हा फिरवत राहिला.

"मले सांगून काय फायदा, भाऊ," तो म्हणाला. "जिथं बोलले तिथं सांगा."

साहेबांना सांगायचं, असं मी ठरवलं. त्या आठवड्यात त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत दोनदा गेलो. एकदा आत माणसं होती. एकदा ते एकटेच होते, आणि मी इंडेंटच्या, म्हणजे मालाच्या मागणीच्या, कागदावर सही घेऊन परत आलो. मग आठवडे गेले, आणि इतक्या उशिरा सांगणं विचित्र दिसेल, असं मीच मला समजावलं. बाबांनी एकदा विचारलं, सांगितलं का म्हणून. मी हो म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, मला माहीत नाही. पुन्हा विचारलं नाही एवढं खरं.

त्या जीपमध्ये ते नंतर कधी बसले नाहीत. ती मी वर्षभरात विकली. मिस्त्रीकडे अधिकाऱ्यांच्या गाड्या परत आल्याच नाहीत. पुढच्या दिवाळीच्या आसपास त्यानं शेड सोडली आणि तो राजनांदगावला गेला, असं बाबांकडून कळलं. बाबा अधूनमधून त्याला पोस्टकार्ड टाकायचे. त्यांचं उजवं मनगट पूर्ण सरळ झालं नव्हतं, अक्षर वाकडं यायचं. कार्ड पेटीत टाकायला ते माझ्याकडे द्यायचे आणि मी ते न वाचता टाकायचो.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी साहेब रिटायर झाले. निरोप समारंभात त्यांनी एकेकाची गंमत सांगितली. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी शिवनाथची गोष्ट काढली. माझा एकच लीवर त्यांनी मोठ्या मनानं वगळला. हायवेवरच्या एका नालायक मिस्त्रीमुळे आम्ही सगळे कसे मरता मरता वाचलो, हे रंगवून सांगितलं. हॉल हसला. बोलायची ती शेवटची संधी होती, आणि मला ते तेव्हाच माहीत होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मीही हसलो.