कच्चा खडक

तिउरलान मानिहुरुक चिडली की प्रयोगशाळेच्या काचा थरथरतात, असं आमच्या पेकनबारूच्या तेलकंपनीतले ड्रायव्हरसुद्धा सांगायचे. तोबा सरोवराकाठची बाई, तिकडे बोलणं मुळातच चढ्या आवाजात. पण मी तिच्याबरोबर काम केलंय. ती उगाच कधीच चिडली नाही.

सुंगाई लिंताहच्या नव्या तेलविहिरीतून खडकाचा नमुना वर आला तोच भुगा होऊन. दाबयंत्रात चिरडून ताकद मोजायला एक धड तुकडा नाही. मग तिउरलानने आडवाटेने मोजलं. भुग्यात उरलेल्या बोटाएवढ्या तुकड्यांतून ध्वनी किती वेगाने जातो ते पाहिलं. पोलादी पात्याने ओरखडायला किती जोर लागतो ते पाहिलं. विहीर खोदताना चिखलाबरोबर वर आलेल्या खपल्या राळेत बसवून त्यांत सुई दाबली. ओरखडा आणि सुई एकच सांगत होते: वाळूखडक कच्चा आहे. ध्वनीचा आकडा तेवढा मोठा, म्हणजे खडक पक्का असं दाखवणारा, आला. तो नेहमीच मोठा येतो, कमी करूनच वापरायचा, हे तिने स्पष्ट लिहिलं. तेल हळू उपसा, नाहीतर वाळू वर येईल, असंही लिहिलं.

विहिरीचं काम बघणाऱ्या विरातमा साहेबांना उपसा सुरू करायची घाई होती. त्यांनी ध्वनीचा आकडा तसाच उचलला आणि बाकीचं गाळलं.

"पाक, माझ्या नावावर खोटं खपवताय तुम्ही," ती भर बैठकीत साहेबांना म्हणाली; 'पाक' म्हणजे साहेब, तेवढा मान तिने ठेवला.

"बू तिउर, अहो बाई, जरा शांत व्हा. सुया टोचून कुठे खडक कळतो? अंदाज तो अंदाजच."

"मग ध्वनीचा आकडा काय देवाने सांगितला? तोही अंदाजच आहे! गोड लागला तेवढा गिळलात!"

साहेब हसले. आम्ही बाकीचे खाली बघत बसलो.

उपसा जोरात सुरू झाला आणि वाळू आली. वाळूने पाइपाचं वळण आतून खाल्लं. एका दुपारी ते फुटलं, समोर विहिरीवरचा कामगार जुमादिल उभा होता. त्याचा एक डोळा गेला.

तिउरलान इस्पितळात गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "बू, तुमची मोजणी चुकली म्हणतात सगळे."

"कोण सगळे?"

त्याने पट्टी बांधलेला चेहरा भिंतीकडे वळवला. विरातमा साहेबांनीच तसं पसरवलंय, हे तिला कळलं.

चौकशीत तिच्यापुढे कागद सरकवला गेला: खडक अनपेक्षितपणे वागला, सही करा. तिने पिशवीतून त्याच विहिरीतला एक तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि अंगठ्याने दाबला. तो गुळासारखा चुरला.

"हे अनपेक्षित? लाजा वाटत नाहीत? एका माणसाचा डोळा गेलाय!"

सही तिने केली नाही. उपसा कमी झाला, वाळू थांबली. जुमादिलला गोदामात बसवलं. विरातमा साहेबांना जाकार्तात बढती मिळाली. आणि तिउरलानला सांगण्यात आलं, बैठकीतल्या भाषेबद्दल माफी मागा. तिने राजीनामा फेकला. आता ती मेदान शहरात मुलांना शिकवते.

परवा तिचा फोन आला. विरातमा साहेब कुठल्याशा परिषदेत वाळू रोखण्यावर भाषण देणार आहेत म्हणे. नंतर तिने जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. फोन कानापासून लांब धरूनही शब्द न् शब्द ऐकू येत होता. मी तिला अडवलं नाही.