गजभियेतला एच

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळींत धर्मराज पवनीकरला न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. गणपतीत हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या, पवनीकर. माइक कुरकुरला, पवनीकर. कुणाची सासू ओहेअर विमानतळावर उतरतेय आणि जावईबापू मीटिंगमध्ये अडकलेत, मग पवनीकर आहेच की! अठरा वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या सासवा वाहत आला. 'नाही' हा शब्द त्याला कुणी शिकवलाच नव्हता, असं लोक कौतुकाने म्हणायचे. कौतुक करायला यांचं काय जातंय?

ऑफिसातही तीच तऱ्हा. पुलांची सगळी गणितं धर्मराजने करायची, रेघन् रेघ त्याने तपासायची, आणि शेवटी ड्रॉइंगवर गोल शिक्का मारायचा दुसऱ्याने. कारण अमेरिकेत लायसन्स नसलं की तुम्ही इंजिनिअर नव्हेच. कार्डावर तसं छापलंत तर दंड. धर्मराजच्या कार्डावर 'डिझायनर' होतं. त्याची बायको संघमित्रा म्हणायची, "नागपूरला लोकांना वाटतं तू कपडे डिझाइन करतोस."

शिक्का मारणारा होता बॉब स्टेपन, सदुसष्ट वर्षांचा पोलिश म्हातारा. बॉब रिटायर व्हायला निघाला, तेवढ्यात कंपनी विकली गेली, आणि नव्या मालकांनी सरळ सांगून टाकलं की लायसन्स नसलेल्यांना डिसेंबरनंतर जागा नाही. धर्मराजला अठ्ठेचाळीस लागलेलं. मुलगी हर्षिता कॉलेजच्या उंबरठ्यावर. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

बॉबने त्याला शनिवारी सकाळी मिलवॉकी अ‍ॅव्हेन्यूवर नेलं. एका बेकरीच्या माडीवर पोलिश इंजिनिअरांची संघटना होती. चाळीसएक वर्षांपूर्वी पोलंडमधून शिकलेसवरलेले इंजिनिअर आले आणि इथे फरशा बसवायला लागले, घरं रंगवायला लागले. त्यांना इंग्रजी शिकवायचं, परीक्षेची तयारी करून घ्यायची, कागदपत्रं लावून द्यायची, यासाठी ती संघटना. तिथे फरशी बसवणाऱ्यालाही 'पान्ये इंझिन्येझे' म्हणायचे, म्हणजे इंजिनिअरसाहेब. अंगावर सिमेंट असलं तरी इंजिनिअरसाहेबच! हल्ली पोलंडमधून फारसं कोणी येत नाही, वर्गाच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या, म्हणून त्यांनी धर्मराजला घेतलं. चिटणीस हालिनाबाई सत्तरीच्या, केस मेंदीसारखे लाल. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला पान्ये इंझिन्येझे अशी हाक मारली, तेव्हा त्याने आधी मागे वळून पाहिलं.

परीक्षा तो पास झाला. पहिल्या फटक्यात! घोडं अडलं ते कागदावर. डिग्री होती धर्मराज शंकर गजभिये या नावाची, आणि पासपोर्ट धर्मराज शंकर पवनीकर या नावाचा. नाव बदलल्याचं गॅझेट होतं त्याच्याकडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. पण त्यात गजभियेच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एच गळालेला. लायसन्स देणाऱ्या ऑफिसने लिहिलं की डिग्रीवरचा माणूस वेगळा, गॅझेटातला वेगळा, तेव्हा दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं आणा. नातेवाईक चालणार नाहीत. आणि दोघांतला एक अमेरिकेतला लायसन्सवाला इंजिनिअर हवा.

"मेल्या क्लार्कने एक अक्षर खाल्लं आणि माझं आयुष्य खाल्लं," धर्मराज म्हणाला. पंचवीस वर्षं तो त्या न पाहिलेल्या क्लार्कला शिव्या घालत होता.

बॉबला मात्र हसू फुटलं. त्याने हालिनाबाईंचं कपाट उघडून दाखवलं. खालचा अख्खा खण याच फॉर्मांचा! 'दोन नावं, माणूस एकच' असा छापील फॉर्मच होता त्यांच्याकडे. बॉब स्वतः मूळचा बोगुस्लाव्ह श्चेपान्स्की. अमेरिकन फोरमनची जीभ वळेना, म्हणून बोगुस्लाव्हचा बॉब झाला आणि श्चेपान्स्कीचा स्टेपन.

"तुझंही तसंच ना?" त्याने विचारलं. "अमेरिकनांना म्हणता येत नव्हतं?"

"अमेरिकनांचा प्रश्न नव्हता, बॉब," धर्मराज म्हणाला. "आमच्या लोकांना फार चांगलं म्हणता येत होतं."

बॉबला काही कळलं नाही. त्याने पाठीवर थाप मारली आणि फॉर्म हातात दिला.

आता हे बॉबला कसं समजावणार? डिग्री घेऊन धर्मराज पुण्यात नोकरीला लागला तेव्हा खोली शोधत होता. नाव सांगितलं की चहा यायचा. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. तीन घरं अशी झाली. चौथ्या घरी जायच्या आधी त्याने गॅझेटचा फॉर्म भरला. गाव भंडारा जिल्ह्यातलं पवनी, म्हणून पवनीकर. वडील पोस्टमन होते. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बरं केलंस बाबा. मी पत्र कोणत्या नावाने टाकू, तेवढं सांगून ठेव." याला सांगता आलं नाही. मग मरेपर्यंत म्हातारा पाकिटावर नुसतं 'धर्मराज' लिहायचा आणि खाली पत्ता. अपुऱ्या नावाची पत्रं परत पाठवण्यात ज्याची हयात गेली, त्याने पोटच्या पोराला अपुऱ्या नावाने पत्रं लिहिली.

अमेरिकेत तर पवनीकर या नावाचं सोनंच झालं. पहिल्याच गणपतीत एका काकूंनी विचारलं, "कुठले पवनीकर?"

"भंडाऱ्याकडचे."

"म्हणजे देशस्थ असणार!"

धर्मराजच्या हातात वडा होता. त्याने तो तोंडात घातला. खोटं तो एक शब्द बोलला नाही, फक्त वडा खाल्ला. त्या वड्यावर अठरा वर्षं निघाली. बायको शॉमबर्गमध्ये संघमित्राची नुसती 'मित्रा' झाली. घरातला बुद्धाचा फोटो हॉलमधून बेडरूममध्ये गेला. हर्षिताला तर काहीच सांगितलं नव्हतं. इथे कशाला हवं ते, असं दोघं एकमेकांना सांगत राहिले.

शॉमबर्गमध्ये एकाच माणसाला ठाऊक होतं. त्र्यंबक. कॉलेजात धर्मराजच्या वर्गात, होस्टेलला शेजारच्या खोलीत, आणि आता शॉमबर्गच्या मराठी अभियंता मंडळाचा अध्यक्ष. त्याच पहिल्या गणपतीत त्र्यंबकने त्याला पाहिलं, क्षणभर थबकला आणि सगळ्यांना म्हणाला, "अरे, हे आमच्या कॉलेजचे पवनीकर!" आणि हळूच डोळा मारला. तेव्हापासून धर्मराज खुर्च्या मांडतोय. आता कळलं ना, त्याला 'नाही' का म्हणता येत नव्हतं?

एक साक्षीदार नागपूरचा जुना मित्र मोहन. त्याने फॉर्म त्याच दिवशी नोटरी करून पाठवला, वर फोनवर म्हणाला, "गजभिये, लेका, आधी का नाही सांगितलंस?" दुसरा लायसन्सवाला हवा, आणि गजभियेला ओळखणारा. म्हणजे त्र्यंबकच, तिसरा आणायचा कुठून?

रविवारी सकाळी धर्मराज त्याच्याकडे गेला. सुलभावहिनींनी पोहे दिले, वर ओलं खोबरं घालून, आणि त्या आत गेल्या. त्र्यंबकने फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"धर्मा, यार, मला कुठे अडकवतोस?"

"एक सही आहे, त्र्यंबक. मी तोच आहे एवढंच लिहायचंय. तू नाही लिहिलंस तर डिसेंबरला माझी नोकरी जाते."

"तू तोच आहेस हे मला माहीत आहे. पण मला माहीत होतं, हे मी लिहून देऊ?" त्याने आवाज खाली आणला. "उद्या मंडळात विचारतील, अठरा वर्षं गप्प का होतात? आणि सुलभा? तिने गेल्या श्रावणात मित्राला सवाष्ण म्हणून जेवायला घातलंय. पाटावर बसवून. पाया पडली आहे ती तिच्या."

धर्मराजने बशी खाली ठेवली. संघमित्रा त्या दिवशी हिरवी साडी नेसून गेली होती. घरी येऊन म्हणाली होती, "माझ्या पाया पडल्या रे त्या. मला कसंतरीच झालं." आणि बराच वेळ पाय धूत बसली होती.

"मग?" धर्मराज म्हणाला. "जेवली म्हणून काय झालं? काही बाटलं का तुमचं?"

"माझं तसं काही नाही रे! मी मानत नाही, तुला माहितीये. पण लोक..."

"लोकांचं नाव घेऊ नकोस. लोक कुणी इथे बसलेले नाहीत. तू बसलायस."

अठरा वर्षांत पहिल्यांदा धर्मराज असा बोलला. त्र्यंबकने पोह्यांची बशी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "ठेव तो कागद. बघतो."

बघतो म्हणणारा माणूस तीन आठवडे बघत होता. फोन उचलेना. मंडळाच्या ग्रुपवर मात्र दिवाळीच्या फराळाचे फोटो टाकत होता. मुदत संपायला चार दिवस असताना टपालाने पाकीट आलं. सही होती! नोटरीचा शिक्का होता! धर्मराजने दारातूनच संघमित्राला हाक मारली. मग त्याने मधला रकाना वाचला. 'या व्यक्तीस पहिल्या नावाने तुम्ही कुठे व कसे ओळखत होता?' वर्ग लिहिता आला असता. होस्टेल लिहिता आलं असतं. एका बाकावर बसून चार वर्षं काढली, तेही लिहिता आलं असतं. त्र्यंबकने सुबक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं: 'कॉलेजच्या नोटीस बोर्डावरील रिझर्व्हड कॅटेगरीच्या प्रवेश यादीत.'

संघमित्राने कागद हातातून घेतला. "फाडून टाक," ती म्हणाली. "असल्या सहीवर भाकरी नको मला."

"फाडला तर भाकरीच नाही," धर्मराज म्हणाला, आणि गाडी काढून मिलवॉकी अ‍ॅव्हेन्यूला गेला.

हालिनाबाईंनी फॉर्म मोठ्याने वाचला, आणि त्या शब्दापाशी थांबल्या. "रिझर्व्हड! म्हणजे कॉलेजने तुमच्यासाठी जागा राखून ठेवली होती?"

"हो."

"येझुस! केवढे हुशार असणार तुम्ही!" त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून बॉबला ओरडून सांगितलं. बॉब बाहेर आला, त्याने धर्मराजचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. इतका मोठा मान याने कधी बोलूनसुद्धा दाखवला नाही, म्हणाला. धर्मराजला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती दोघं बिचारी समजली की आनंदाने.

लायसन्स डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. नोकरी वाचली. शिक्काही आला, गोल, त्यावर पवनीकर. मंडळाच्या ग्रुपवर त्र्यंबकनेच अभिनंदन टाकलं: 'आमचे जुने मित्र धर्मराज गजभिये-पवनीकर यांना लायसन्स!' कुणी त्याला काही विचारायच्या आत, एका रेघेत काम तमाम. त्याखाली टाळ्यांची चित्रं आली. कोणी काही बोललं नाही. फक्त विमानतळावरून सासू आणायला पवनीकरला फोन येईना, आणि जानेवारीत हळदीकुंकवाचं बोलावणं संघमित्राला आलं नाही. हर्षिताने विचारलं, "बाबा, हू इज गजभिये?"

"तुझे आजोबा," तो म्हणाला. आणि त्या संध्याकाळी दोघांनी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सो यू लाइड टू मी फॉर सेव्हन्टीन इयर्स?" आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तिला वडा खाल्ल्याची गोष्ट सांगण्यात काही अर्थ नव्हता.

त्या शनिवारी पोलिश संघटनेत त्याचा सत्कार होता. त्यांची एक रीत आहे. लायसन्स मिळालं की हालिनाबाई एक जाडजूड वही काढतात, आणि तिच्यात आपलं मूळचं नाव लिहायचं, न कापलेलं, बापाने दिलेलं. अमेरिकेला जे झेपलं नाही ते सगळं इथे लिहा, असं म्हणतात. बोगुस्लाव्ह श्चेपान्स्की तिच्यातच होता, सगळ्या अक्षरांसकट. बॉबने पेन पुढे केलं. पंधरावीस म्हातारे उभे राहिले.

धर्मराजने पेन घेतलं. पंचवीस वर्षांत हे नाव त्याने कधी लिहिलं नव्हतं. सगळे बघत होते म्हणून त्याने भराभरा, झोकात लिहून टाकलं.

हालिनाबाई नेटक्या बाई. त्यांनी फाईलमधली डिग्री काढली आणि वहीशी ताडून पाहिली.

"पान्ये इंझिन्येझे," त्या हलकेच म्हणाल्या, "एच राहिला."

धर्मराजने वाकून पाहिलं. खरंच राहिला होता. अगदी गॅझेटात होता तस्सा, त्याच जागी. आणि त्याला आठवलं, तो फॉर्म कुठल्या क्लार्कने भरला नव्हता. पुण्याच्या एसटी स्टँडवर, चौथ्या घरमालकाकडे जायची घाई होती म्हणून, मांडीवर ठेवून, त्याने स्वतःच भरला होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हालिनाबाईंनी पुन्हा पेन दिलं. बी आणि आय यांच्या मध्ये जागा नव्हती, म्हणून त्याने वरती, बारीक अक्षरात, बापाचा एच लिहिला.