काचघरातल्या कुरडया

गांजाच्या झाडाचा वास मला सहन होत नाही. ढेकूण चिरडल्यावर येतो ना, त्याच जातीचा. नवरा म्हणतो, लिंबासारखा येतो. येत असेल त्याला. म्युनिकबाहेर आमच्या घरामागे काचघर आहे, तिथे मी मेथी आणि अळू लावायचे. घरी गांजाची तीन झाडं लावायची कायद्याने मुभा दिली आणि माझं अळू बाहेर गेलं.

तोंड उघडायचीही सोय नव्हती, कारण ही काही हौस नव्हती. नागीण बरी झाली, पण नवऱ्याच्या बरगड्यांमधली आग गेली नाही, आणि थंडीत ती फार वाढते. गोळ्यांनी उलट्या होतात. आदल्या वर्षी एकाच झाडाचे वाळवलेले तुरे ओढून तो महिनाभर शांत झोपला होता. या वेळी तिन्ही झाडं हाती लागली तर सगळा हिवाळा निभावणार होता.

या झाडांना तुरे धरले की दमट हवा मुळीच चालत नाही. म्हणून छपराची खिडकी उघडी, पंखा चालू, पाणी सकाळीच आणि तेही मुळाशी. भिंतीवरचा दमटपणा मोजणारा काटा तो उठल्याउठल्या बघून यायचा. "पन्नास. गेनाऊ, अगदी बरोबर!" माझ्या तब्येतीची इतकी चौकशी या माणसाने जन्मात केली नाही.

सासूबाई नाशिकहून आल्या होत्या. त्यांना आम्ही एवढंच सांगितलं होतं की ही औषधाची झाडं आहेत. सप्टेंबरात आम्ही आठवडाभरासाठी ड्युसेलडॉर्फला लेकीकडे निघालो, तेव्हा नवऱ्याने आईला दोनदा बजावलं, "आई, खिडकी लावू नकोस हं." त्या "बरं" म्हणाल्या.

परत आलो तर त्या दारातच हसत उभ्या. "अरे, तुला आवडतात म्हणून कुरडया घातल्यात. मागच्या त्या काचेच्या खोलीत काय छान ऊब आहे!"

छान ऊब. गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून त्यांनी झाडांखाली चादरभर ओल्या कुरडया पसरल्या होत्या. खिडकी बंद, पंखा बंद. काचांवरून पाणी ओघळत होतं. आंबलेला चीक आणि गांजा असा मिळून वास नाकात शिरला. काटा नव्वदच्या पुढे गेला होता.

नवऱ्याने एक तुरा दुभंगला. आत करडी, केसाळ बुरशी, खाली कुजका काळपट लगदा. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. तरी तो कात्री घेऊन बसला. ऑफिसात केसाएवढी चीर दिसली तर खोकंभर माल परत पाठवणारा हा माणूस त्या घाणीत बोटं घालून हुंगत होता आणि म्हणत होता, "हा बघ, हा चांगलाय." मला त्याची किळस आली. खरंच आली.

"शिमल आहे अरे, ही बुरशी फुप्फुसात जाईल," म्हणत मी सगळं ओढून घेतलं आणि कचऱ्याच्या डब्यात कोंबलं. तो अडवायला उठलासुद्धा नाही.

सासूबाई दाराशी आल्या. "काय रे, काय झालं?"

मी तोंड उघडणार होते. तो आधी बोलला, "काही नाही गं आई. इथली हवाच दमट."

"तेच ना! बाहेर पावसाची झिमझिम, म्हणून तर मी खिडकी घट्ट लावली. म्हटलं, तुझ्या औषधाला ओल नको लागायला."

तो "हो" म्हणाला. त्याच कुरडया त्यांनी चार-पाच दिवसांनी तळल्या. घासाघासाला तो वास येत होता. मी ताट सरकवलं. त्याने आईकडे बघत दोन मागून घेतल्या.

जानेवारीत तो उशी बरगडीशी दाबून सोफ्यावर बसलेला असायचा, तेव्हा नाशिकहून फोन यायचा, "कुरडया संपल्या का रे? आणखी पाठवू?"