दिगांबर त्या वाटेवर गेला होता

कुसुमवहिनींचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या बाजारात कांदे निवडत होतो. त्या फोन क्वचितच करतात, म्हणून नाव पाहताच हातातली पिशवी खाली ठेवली. "भाऊजी, हे उठून नाही राह्यले," एवढंच त्या म्हणाल्या. आवाजात रडणं नव्हतं. मी ऑटो करून त्यांच्या शेतातल्या घरी पोचलो तोवर आजूबाजूच्या मळ्यांतली चार माणसं अंगणात येऊन उभी होती आणि दिगांबर आतल्या खोलीत, झोपेत असावा तसा, कुशीवर पडलेला होता. डॉक्टर म्हणाले, पहाटे झटका आला असावा. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट फळीवर होतं, न फोडलेलं. वहिनींनी ते माझ्याकडे पाहून हळूच उचललं आणि डब्यामागे ठेवून दिलं.

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. लोक भेटतात आणि म्हणतात, दिगांबरराव तसे पोरगं गेलं तेव्हाच गेले. बोलायला सोपं वाक्य आहे, पण खरं नाही. पोरगं गेल्यावरही दिगांबर होता, आणि या मधल्या काळात त्याने एक गोष्ट केली जी आमच्या पंचक्रोशीत कुणी केली नसेल. तो इटलीला जाऊन, समुद्राकाठच्या डोंगरांतल्या एका पायवाटेवर चालून आला. मी सोबत होतो, म्हणून ते लिहून ठेवायचं काम माझ्याकडे आलं आहे.

आम्ही पहिलीपासून एका बाकावर. पुढे मी शिकत गेलो आणि कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला लागलो. त्याने वडिलांचा मळा धरला. रिसोड रस्त्याला गावाबाहेर त्यांची जमीन. मेथी, पालक, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, हिवाळ्यात फुलकोबी. भल्या सकाळी जुड्या बांधून बाजारात, अकराच्या सुमाराला परत. बोलणं मोठ्याने, हसणं त्याहून मोठ्याने. तन्मय हा त्याचा एकुलता एक. पोरगं हुशार निघालं, इंजिनिअर झालं आणि पुढच्या शिक्षणाला इटलीत, जेनोवाला गेलं. ते समुद्राचं शहर आहे हे दिगांबरला माझ्या भिंतीवरच्या नकाशात दाखवावं लागलं. त्याने स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता.

तो समुद्र त्याला तन्मयने दाखवला, फोनवर. रविवार आला की पोरगं लोकल गाडीत बसून किनाऱ्यावरच्या एखाद्या लहानशा गावी उतरायचं आणि तिथून डोंगरातल्या पायवाटेने पुढच्या गावाला चालत जायचं. तिथे अशा वाटा गावागावांना जोडत गेल्या आहेत, पूर्वी खेचरांच्या आणि माणसांच्या ये-जा करण्याच्या. आता जगभरचे लोक नुसते चालायला येतात. चालता चालता तो व्हिडिओ कॉल लावायचा. इकडे दिगांबर वाफ्यात उकिडवा बसून, उन्हामुळे फोनवर हाताची सावली धरून पाहायचा. "बाबा, पाहा, इथं पहाड सिद्धा समुद्रात उतरते." खाली निळं पाणी, वर ऑलिव्हची करडी झाडं, मधे दगडी पायऱ्यांची चिंचोळी वाट. दिगांबर एकदा ओरडलाच, "अबे, तिकडच्या बाजूले कठडा नाही का?" पोरगं हसलं. "आपल्या विहिरीले तरी कुठं हाये, बाबा?" त्या दिवशी तो दिवसभर ज्याला त्याला हे सांगत होता आणि हसत होता.

शेवटच्या वर्षी ठरलं होतं की आई-बाबांनी यायचं. तन्मय म्हणाला, तुम्हाले मी चालवतो, घाई नाही करत. दिगांबरने पासपोर्ट काढला, कुसुमवहिनींचाही काढला. चालायची सवय पाहिजे म्हणून संध्याकाळी तो मला घेऊन रस्त्याने लांबवर जायचा. शेतात दिवसभर राबलेल्या माणसाला चालायची कसली सवय लावायची, असं मी म्हटलं तर म्हणे, "हे सपाट हाये रे. तिकडं चढ हाये."

आणि मग पावसाळा सरल्यावर, तिकडच्या पावसाच्या दिवसांत, ती बातमी आली. तन्मय एकटाच गेला होता. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला होता, एका वळणावर वाटेचा काठ भुसभुशीत झाला होता, तो पायाखालून निघाला. दुसऱ्या दिवशी त्या वाटेने जाणाऱ्या लोकांना खाली खडकात तो दिसला. देह गावी यायला कितीतरी दिवस लागले. तेवढ्या काळात मळ्यातली मेथी फुलावर आली, कोबी फुटली. कुणी काढली नाही.

वसंत लागला तेव्हा दिगांबर माझ्या घरी आला आणि उभ्यानेच म्हणाला, "अरुण, मले ते जागा पाह्यची हाये. तुले इंग्रजी येते, तू चाल." कुसुमवहिनींना मी विचारलं, तुम्ही? त्या भाकरी थापत होत्या. "मी नाही येत, भाऊजी. मी गेली तर मले त्या जागेचा राग येईल. अन् दगडाचा राग धरून काय करू?"

तर आम्ही दोघं गेलो. जेनोवाच्या स्टेशनवर पाओला आम्हाला घ्यायला आली. ती तन्मयच्या वर्गातली, बहुतेक रविवारी त्याच्यासोबत चालायला जाणारी. त्या रविवारी तिला ताप होता म्हणून गेली नव्हती. हे तिने आम्हाला भेटल्याबरोबर, नमस्कारही होण्याआधी सांगितलं, जणू ते आधी सांगितल्याशिवाय तिला आमच्याकडे पाहता येणार नव्हतं. मी ते दिगांबरला मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "तिले सांग, तू नव्हती हे बरं झालं. नाही तं अजून दोन मायबाप असे स्टेशनवर उभे राह्यले असते." मी तिला ते जसंच्या तसं सांगितलं. ती पोरगी तिथेच, लोकांच्या गर्दीत, रडायला लागली आणि दिगांबरने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गाडी बोगद्यातून बाहेर यायची, क्षणभर निळं पाणी चमकायचं, की पुन्हा बोगदा. दिगांबरने समुद्र पहिल्यांदा असा तुकड्या-तुकड्यांत पाहिला.

वाट गावातल्या गल्लीतूनच वर चढत होती. दगडांवर तांबड्या-पांढऱ्या रंगाचे पट्टे, ते पाहत जायचं. एका बाजूला उतारावर पायऱ्यांसारखी बांधलेली शेतं, चुना-सिमेंट काही नसलेल्या, नुसत्या दगडावर दगड ठेवून रचलेल्या बांधांची. त्यात द्राक्षं, लिंबं, ऑलिव्ह. बरेचसे बांध ढासळून गवत माजलं होतं. पाओला म्हणाली, आता ही शेतं करायला कुणी उरलं नाही. समोरून येणारे लोक हसून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणायचे. दिगांबर प्रत्येकाला हात जोडून "राम राम" म्हणायचा. एरवी कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, दोन म्हातारे किती मजेत फिरत आहेत.

ते वळण आलं तेव्हा पाओला थांबली आणि तिने नुसता हात केला. मला काय वाटलं होतं कोण जाणे... काहीतरी भयाण असेल, काळा कडा असेल. तसं काही नव्हतं. वाटेच्या कडेला पिवळी रानफुलं होती, कसल्याशा झुडपाचा औषधी वास येत होता, खाली पाणी इतकं स्वच्छ की तळाचे खडक दिसत होते. दिगांबरने वाटेकडे पाहिलं, खाली पाण्याकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "इथंच?" पाओलाने मान हलवली. "एवढं चांगलं काहून हाये रे हे?" तो मला म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, आणि तो कुणावर काढावा हे त्याला समजत नव्हतं.

मग तो वाटेच्या काठापाशी गेला आणि वाफ्याची ओल पाहायला पाय दाबून पाहतात तसा, चप्पल काढून, काठावर पाय दाबू लागला. मी त्याचा दंड धरला. तो दाबत राहिला, थोडा सरकून पुन्हा दाबला. "घट्ट हाये," तो म्हणाला. "आता घट्ट हाये, पाह्य."

तेवढ्यात एक तरुण जोडपं आलं. त्यांना काय ठाऊक. मुलीने हसत आपला फोन दिगांबरच्या हातात दिला आणि दोघं समुद्राकडे पाठ करून उभी राहिली. मी तो फोन घ्यायला हात पुढे केला, पण त्याने दिला नाही. त्याने दुसऱ्या हाताने त्यांना खुणावलं, इकडे या, अजून इकडे. "मांगं नका सरकू. तिकडं नको, इकडं या." त्यांना भाषा कळली नाही, पण ती डोंगराच्या कुशीला चिकटून उभी राहिली. मग त्याने नीट, दोनदा फोटो काढला. मुलगी आभार मानून निघून गेली. दिगांबर खाली बसला आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की पाओलाने पाठ फिरवली.

परत आल्यावर गावकऱ्यांनी त्याला विचारलं, बरं वाटलं का, मनाला शांती आली का. सगळ्यांचा असा समज असतो, माझाही होता, की माणूस तिथपर्यंत जाऊन आला की काहीतरी मिटतं. पुढे एका दुपारी तो मला म्हणाला, "पह्यले मले ते जागा माहीत नव्हती. डोळे मिटले का अंधार दिसे. आता डोळे मिटले का समदं दिसते, फुलं बी दिसते. नाही जायला पाहिजे होतं, अरुण." मी म्हणालो, असं म्हणू नको. तो म्हणाला, "तू म्हणू नको म्हणतं म्हणून काय होते?"

हळूहळू तो मळ्यातून सुटत गेला. आधी बाजारात जाणं बंद झालं, मग शेजाऱ्याला जमीन बटईने, अर्ध्या वाट्यावर, कसायला दिली. हसणं तर गेलंच, बोलण्याचा मोठा आवाजही गेला. मी गोळ्यांचं विचारलं की "घेऊन राह्यलो" म्हणायचा. पाओलाचा सणासुदीला फोन यायचा, तो "बेटा, बरी हायेस?" एवढं म्हणून फोन माझ्या हातात द्यायचा. मी तिला काहीतरी चांगलंचुंगलं सांगायचो.

परवा मी कुसुमवहिनींना भेटायला गेलो. त्यांच्या पुढच्या ओसरीत एक बाज आहे. तिच्यावर बसलं की समोर सगळा मळा आणि मळ्यापलीकडे टेकड्यांची बारीक निळसर रांग दिसते. इटलीहून आल्यापासून दिगांबरने ती बाज फिरवून ठेवली होती. त्याला टेकड्या नको होत्या. तो भिंतीकडे तोंड करून, पोपडे निघालेल्या चुन्याकडे पाहत बसायचा, चहासुद्धा तसाच प्यायचा.

बाज तशीच होती. मला वाटलं, वहिनींना एकटीने ती जड बाज सरकवता आली नसेल. मी उठून, ती परत मळ्याकडे फिरवायला, एका बाजूने उचलली. त्या आतून चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता मी बी तिकडंच तोंड करून बसते."

मी बाज खाली ठेवली. त्यांनी एक कप माझ्या हातात दिला, दुसरा घेऊन त्या बाजेवर बसल्या, आणि आम्ही दोघांनी भिंतीकडे पाहत चहा प्यायला.