एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद

हेमा रेवाळेला शाळेत सगळे पीटीच्या बाई म्हणत. गणिताच्या बाई म्हणताना लोकांच्या आवाजात जो मान येतो, तो पीटीच्या वाट्याला कधी आला नाही. पीटीच्या बाईंनी शिट्टी फुंकावी, रांगा लावाव्यात, पाहुणे आले की खुर्च्या मांडून घ्याव्यात आणि गणिताचा पोर्शन मागे पडला की आपला तास गुमान सोडून द्यावा, अशी शाळेची समजूत होती. जयगडच्या रस्त्याला, सड्यावरच्या, उघड्या कातळमाळावरच्या त्या माध्यमिक शाळेत हेमा सोळा वर्षांपूर्वी लागली. त्याआधी ती खो-खोत जिल्ह्याकडून राज्य स्पर्धा खेळली होती. आत संगमेश्वरच्या बाजूला तिचं गाव. भात कापून झालं की रिकाम्या मळ्यात पोरींचा खेळ चाले, तिथे ती शिकली. वडील मुंबईला गोदामात कामाला होते. पळण्याचीही नोकरी असते यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही, आणि ती मिळाली तेव्हा त्यांनी गावच्या देवळात पाच नारळ दिले. ही नोकरी प्रत्यक्षात कसली आहे ते बघायला ते उरले नाहीत, हे एका परीने बरं झालं, असं हेमाला वाटे.

मुख्याध्यापक महिपत घाणेकर इतिहासाचे. पीटीच्या तासाला ते 'हुंदडायचा तास' म्हणत आणि स्वतःच्याच विनोदावर स्वतःच हसत. वेळापत्रकात तो तास होता, छापलेला होता, चौकटीत होता. दहावीचे तास जूनमध्येच गणित गिळी, नववीचे गणपतीपर्यंत इंग्रजी. उरलेल्या वर्गांना पावसात मैदान नसे आणि पाऊस संपला की स्नेहसंमेलनाची तालीम असे. हेमा दर जूनला अर्ज देई. घाणेकर सर तो दोन्ही हातांनी घेत, चहा मागवत आणि सांगत, की मॅडम, आपली पोरं चार-चार किलोमीटर चालत येतात, त्यांना आणखी व्यायाम कसला द्यायचा? हे सांगताना खिडकीबाहेर वडापच्या गाडीतून पंधरा पोरं उतरत असत, प्रत्येकाच्या हातात वेफर्सचं पाकीट. सर खिडकीकडे पाठ करूनच बसत.

हेमाला त्या माणसाची शिसारी होती. त्याच्या पोटाची, त्या चहाची, अर्जावर मारलेल्या 'पाहिले' या शिक्क्याची. स्टाफरूममधल्या बाकीच्यांचीही होती. शनिवारी सकाळच्या कवायतीला छत्रीच्या सावलीत उभं राहून ते मोबाईल बघत आणि कोपर न वाकवता हात वर करायला पोरांना सांगत. पण ती हे बोलून दाखवत नसे. गप्प राहणं म्हणजे आपण त्यांच्याहून वरच्या आहोत, अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली होती.

दरवर्षी मुलांची तंदुरुस्ती चाचणी घ्यायची असे. उंची, वजन, जोर, बैठका आणि शेवटी सहाशे मीटर धावणं. दोनशे बारा मुलांची नोंद संगणकावर भरावी लागे. तीन वर्षांपूर्वी चाचणीच्या आठवड्यात हेमाला निवडणुकीच्या यादीच्या कामाला धाडलं. ती परत आली तर नोंदी भरून तयार. शाळेचा कारकून दादू शितप याने एका दुपारी बसून सगळं उरकलं होतं. पद्धत साधी होती. मागच्या वर्षीच्या आकड्यांत उंचीला चार सेंटिमीटर वाढवायचे आणि धावण्यातून आठ-दहा सेकंद काढायचे. पोरं वाढतात म्हटल्यावर पळणारही जोरात, असा दादूचा हिशोब. घाणेकर सरांनी त्याची पाठ थोपटली आणि हेमापुढे कागद सरकवला. तिने सही केली. पुढच्या वर्षी चाचणीची तारीख आली तेव्हा मैदानावर कुणाच्या तरी सत्काराचा मांडव होता, आणि पुन्हा दादू बसला. तिसऱ्या वर्षी कुणी काही कारणही सांगितलं नाही. तिन्ही कागदांवर सही हेमाची.

या हिशोबाने नववीतली शमिका गोताड सहावीनंतर एकदाही न धावता दरवर्षी वेगवान होत गेली. सहावीतली तिची वेळ मुळात बरी होती. दादूने तीन वेळा सेकंद काढल्यावर ती एक मिनिट अठ्ठावन्नवर आली. खरी शमिका मैदानाच्या कडेला दगडी गडग्यावर बसून असे. काळीसावळी, बारीक, जिना चढली की कठड्याला धरून उभी राहणारी पोर. आईबाप मुंबईला, ती इथे आजीपाशी. हेमाने तिला दोन-तीनदा उठवून पाहिलं होतं. मग एकदा सगळ्या वर्गासमोर तिला आळशी म्हणून मोकळी झाली होती. आळशी म्हटल्याचं पोरीला बरंच वाटलं असावं. निदान त्यानंतर कुणी उठवत नव्हतं.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका ट्रस्टने 'निरोगी शाळा' म्हणून पारितोषिक काढलं. घाणेकर सरांनी दादूचे आकडे झोकात छापून पाठवले आणि शाळा शेवटच्या पाचांत आली. जानेवारीत पाहणीला माणसं येणार म्हणून तीन दिवस धावपळ झाली. भिंतींवर योगासनांची चित्रं निघाली. शौचालयाला कुलूप होतं ते उघडलं. पोरांनी दर सोमवारी घ्यायच्या लोहाच्या गोळ्यांची वही पुढे ठेवली. तिच्यात सगळ्यांच्या नावापुढे खुणा होत्या. या गोळ्या तोंड फिरवून पोरं गडग्यामागे थुंकतात हे हेमाला माहीत होतं. खुणा तिच्याच होत्या.

पाहणीला वैदेही ताम्हनकर नावाच्या बाई आल्या. साठीच्या, आखूड केसांच्या, पायात धावायचे बूट, गळ्यात स्वतःचं स्टॉपवॉच. त्यांनी नारळ घेतला, शाल बाजूला ठेवली, भाषणं ऐकून घेतली आणि यादीवर बोट ठेवून म्हणाल्या, की मुलींतल्या पहिल्या पाच जणी धावताना बघायच्या आहेत. यादीत सर्वांत वर शमिका होती.

घाणेकर सर हसत हो म्हणाले आणि हेमाला प्रयोगशाळेच्या मागे घेऊन गेले. तिथे ते हसत नव्हते. दहावीतली नम्रता पळणारी आहे, तिला शमिका म्हणून उभी करा, त्या बाई कुठे ओळखतायत, असं त्यांनी सांगितलं. शाळेच्या नावाचा प्रश्न आहे, संस्थेचे अध्यक्ष येऊन बसलेत, एवढं एक करा, पुढच्या वर्षी तुमचे सगळे तास तुम्हाला देतो. हे शेवटचं त्यांनी अशा स्वरात सांगितलं की जणू रेशन देतायत. सोळा वर्षं अर्ज करून जे मिळालं नाही ते आता तिला लबाडीच्या बदल्यात मिळणार होतं.

हेमाने भिंतीच्या कडेने मैदानाकडे पाहिलं. फक्कीने आखलेल्या रेषेवर पाच मुली उभ्या होत्या. कुणीतरी यादी वाचली असणार, कारण शमिका तिथे होती. तिने चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या होत्या. आपलं नाव कसं आलं हे तिने विचारलं नव्हतं. सांगितलं म्हणून ती धावणार होती. उन्हात तिचे ओठ राखेसारखे दिसत होते, आणि हेमाला ते आज पहिल्यांदा दिसले. सोळा वर्षं आरोग्य शिकवणाऱ्या बाईला.

ती तशीच मैदानात गेली. शमिकाच्या खांद्याला धरून तिला रेषेबाहेर घेतलं आणि ताम्हनकर बाईंसमोर उभी राहिली.

"मॅडम, ही मुलगी धावणार नाही. या यादीसाठी ती धावलेलीच नाही. यातली कुणीच नाही. आकडे कारकुनाने ऑफिसात बसून लिहिलेत. सही माझी आहे."

अध्यक्षांनी खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळ केली. घाणेकर सर पुढे आले आणि मॅडमची तब्येत बरी नाही असं काहीतरी सांगू लागले. ताम्हनकर बाईंनी हाताने त्यांना थांबवलं.

"किती वर्षं?"

"तीन."

"मग आज का सांगताय?"

हेमाला वाटलं होतं की खरं सांगितलं की ही बाई आपली होईल. एका खेळाडूला दुसरीचं कळेल.

"ज्याने हे लिहिलं तो कारकून आहे," ताम्हनकर बाई म्हणाल्या. "सहाशे मीटर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसेल. तुम्हाला ठाऊक होतं." त्यांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं आणि चहा न घेता गाडीत बसल्या. घाणेकरांकडे पाहावं तसंच त्यांनी हेमाकडे पाहिलं होतं, काडीचाही फरक न करता. पुढे कित्येक दिवस नोटीस, चौकशी, टोमणे यांतलं काहीही हेमाला तेवढं लागलं नाही.

टोमण्यांना तोटा नव्हता. घाणेकर सर तिला स्टाफरूममध्ये हरिश्चंद्राची बहीण म्हणू लागले. गणिताच्या बाईंनी डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जागा धरली. संस्थेने खुलासा मागवला. दादूने लिहून दिलं की आकडे मॅडमनीच सांगितले, मी फक्त टाइप केले, आणि ते लिहून दिल्यावर दुपारी येऊन तिच्याकडे डोकेदुखीची गोळी मागितली. तिने दिली. या माणसांवर रागावण्याइतकी किंमतही त्यांना द्यावी असं तिला आता वाटत नव्हतं, आणि आपण त्यांच्याहून वेगळ्या आहोत असंही.

एक काम मात्र तिने दुसऱ्याच दिवशी केलं. शमिकाच्या आजीला बोलावून घेतलं आणि दोघींना रिक्षाने प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. हिमोग्लोबिन सहाच्या थोडं वर निघालं. एवढ्यावर ही पोर शाळेत येते कशी, असं डॉक्टरांनी विचारलं आणि त्याच दिवशी तिला रत्नागिरीला जिल्हा रुग्णालयात पाठवलं. तिथे रक्त चढवावं लागलं. आजी, काशीबाई, वॉर्डाबाहेर बाकावर पदर तोंडाशी धरून बसून होती.

"पानी आन म्हटलं की वाटंत बसायची," ती म्हणाली. "मी तिला आलशी म्हनायची, बाई. शिव्या घालायची."

"मीही म्हटलंय," हेमा म्हणाली.

काशीबाईने तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. अडाणी बाईने म्हणावं ते एक. शिकलेल्या बाईनेही तेच म्हणावं.

चौकशी मार्चमध्ये संपली. घाणेकर सरांना समज मिळाली. हेमाला लेखी ताकीद मिळाली, शिवाय संस्थेने ठराव केला की रेवाळे मॅडमकडे यापुढे कोणतंही जबाबदारीचं काम देऊ नये. स्नेहसंमेलन नाही, पाहुण्यांचं स्वागत नाही, खुर्च्या नाहीत, याद्या नाहीत. त्यांनी फक्त आपले तास घ्यावेत, रोज काय घेतलं ते वहीत लिहावं आणि ती वही दर शनिवारी ऑफिसात दाखवावी. ठराव वाचून दाखवताना घाणेकर सरांचा चेहरा समाधानी होता. बाईला कोपऱ्यात बसवली असं त्यांना वाटत होतं. जून उजाडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की वहीत तास दाखवायचा तर तो मॅडमला द्यावा लागणार. गणिताच्या बाई तक्रार घेऊन आल्या. सर म्हणाले, ठराव आहे, माझ्या हातात काही नाही. शाळेने शिक्षा म्हणून हेमाला तिचं काम दिलं.

तिने चाचणी घेतली ती नोव्हेंबरमध्ये, आठ दिवस, वर्गामागून वर्ग. दोनशे मीटरचं वर्तुळ, तीन फेऱ्या. दोनशे नऊ मुलांत एकशे छत्तीस मुलं न थांबता तीन फेऱ्या पुऱ्या करू शकली नाहीत. अकरा जणांना पहिल्याच फेरीत ओकारी झाली. दहावीत आलेल्या शमिकाला डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली होती. ती तिन्ही फेऱ्या चालली आणि हेमाने तिची वेळ लिहिली, सात मिनिटं चाळीस सेकंद. सोमवारची गोळी आता प्रत्येकाने हेमासमोर पाण्याबरोबर गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं, असा नियम होता. पोरं तिला पोलीस म्हणत.

आकडे पाहून घाणेकर सर म्हणाले, की हे बाहेर दाखवू नका, शाळेची शोभा होईल. हेमाने ते मोठ्या अक्षरांत लिहून फाटकाजवळच्या फलकावर लावले. मुलांची नावं नाहीत, फक्त आकडे. पोरांना घरी आपापली वेळ सांगायला मात्र तिने सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी आठवीतल्या रितेशचे वडील मोटारसायकलवरून आले. वाडीतला वजनदार माणूस, बंदरावर ठेकेदाराचा सुपरवायझर. माझ्या पोराला नापास करणाऱ्या तुम्ही कोण, आमच्या घरात कुणी कमजोर नाही, मैदानात पळून कुणाचं पोट भरलंय, असं त्यांनी फाटकातच मोठ्याने सुरू केलं. पोरं खिडक्यांशी जमली.

"तीन फेऱ्या आहेत," हेमा म्हणाली. "तुम्ही करून दाखवा. मी वेळ मोजते."

एवढ्या पोरांसमोर माघार घेणं त्यांना जमेना. ते कडक इस्त्रीच्या पँटमध्ये, चामड्याच्या बुटांनी निघाले. पहिली फेरी जोरात झाली. दुसऱ्या वळणावर कमरेवर हात आले. मग ते वर्तुळ सोडून सरळ रेषेत मोटारसायकलकडे गेले आणि सीटवर ओणवे होऊन बराच वेळ उभे राहिले. हेमाने त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन दिला. त्यांनी तो घेतला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

ती परत आली तेव्हा सातवीचा वर्ग रांगेत उभा राहून दात काढत होता. तिने त्यांना तोंडं मिटायला सांगितलं आणि पहिल्या पाच जणांना रेषेवर बोलावलं.