सायीखालचा समुद्र

तुपासाठी साय काढत होते. गार दुधाच्या पातेल्यात चमच्याने साय कडेला दाबली, तशी ती दुमडून खाली गेली. मागची साय तिच्याबरोबर ओढली गेली, ताणली आणि मध्येच फाटली. फटीतून दूध दिसलं.

"आई, थांब जरा," सुट्टीवर आलेली लेक म्हणाली. ती समुद्राच्या तळाचा अभ्यास करते. तिला दुधातही दगड दिसतात. "अंदमानचा समुद्र असाच उघडला."

"कोणी ढकललं?"

"कोणीच नाही. पुढची, समुद्राच्या तळाची जमीन आपल्याच वजनाने पृथ्वीच्या पोटात खाली जात राहिली. काठावरची बेटं तिच्याकडे ओढली गेली आणि त्यांच्यामागे समुद्र झाला."

ती परगावी गेल्यापासून मी कधी तिच्या बाबांना दोष देते, कधी तिच्या नोकरीला. कोणी न ढकलताही माणूस लांब जातो, हे मनात आलंच नव्हतं.

"मग ती फट तशीच राहते?"

"छे. खालून गरम लाव्हा येतो, नवा तळ होतो."

त्या दिवशी साय तुपाच्या भांड्यात गेली नाही. वाटीत घालून, वर साखर पेरून लेकीपुढे सरकवली. तिने चमचा मागितला नाही. लहानपणीसारखी बोटानेच चाटून संपवली.